एकच बॅट

"पॅड इतकं घट्ट नको धरू गं, कोण पळवत नाही," आफरीन म्हणाली आणि तेवढ्यात माझा फटका तिच्या डोक्यावरून थेट फळ्यावर जाऊन आपटला.

सातवी ब, मधली सुट्टी. दोन बाकं एकमेकांना चिकटवली की टेबल. कंपासपेट्या ओळीनं उभ्या केल्या की नेट. परीक्षेला पेपरखाली घेतो ते पॅड क्लिपकडून मुठीत धरलं की बॅट. चेंडू तेवढा खरा होता, आफरीनच्या मामेभावानं टाकून दिलेला. तो सारखा चेपायचा. मग आम्ही शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंकडे धावायचो. त्या वाटीभर कढत पाणी द्यायच्या, त्यात बुडवला की चेंडू टम्म फुगून पुन्हा गोल. "पोरींनो, मी भात शिजवते, चेंडू नाही," असं रोज म्हणायच्या आणि रोज पाणी द्यायच्या.

आता मी दहावीत आहे आणि टेबल टेनिस चांगलं खेळते. हे मीच सांगते, कारण खरं आहे. पण तेव्हा खेळण्यापेक्षा जास्त मेहनत मला तो खेळ लपवायला लागायची. घरात कुणाला कळू द्यायचा नव्हता. म्हणजे पप्पांना.

पप्पा कडक वगैरे अजिबात नव्हते. उलटंच होतं. पप्पा इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत खरेदी विभागात होते, आणि घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी संपायची नाही. मला काही आवडलं असा नुसता वास जरी लागला तरी त्या गोष्टीचं सगळं सामान आठवड्याच्या आत घरात. पाचवीत मी म्हटलं, "स्केटिंग मस्त असतं ना." झालं. चाकांचे बूट आले, हेल्मेट आलं, कोपराचं, गुडघ्याचं, मनगटाचं चिलखत आलं, आणि हे सगळं ठेवायला चाकांचीच बॅग आली. रिंकवर बाकीच्या मुली शाळेच्या बुटांना पट्ट्यांनी बांधायचे जुने स्केट्स घालून सुळसुळ पळत होत्या. मी आत पाऊल टाकलं तर सर म्हणाले, "अरे वा, चॅम्पियन आली." मग चॅम्पियन सगळ्यांसमोर पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. थोड्याच दिवसांत माझं पोट दुखायला लागलं, ते फक्त स्केटिंगच्या वेळेलाच दुखायचं.

सहावीत चित्रकला. तेव्हा लाकडी तिकाटणं आलं, माझ्याहून उंच. त्यावर पांढराशुभ्र कॅनव्हास. एवढ्या भारी कॅनव्हासवर माझी झोपडी आणि नारळाचं झाड काढायचं? ब्रश हातात घेऊन मी उभी राहायची आणि परत ठेवून द्यायची. तो कॅनव्हास अजून कोराच आहे.

आई म्हणायची, "प्रणू शिंकली तर ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. दवाखाना विकत आणतील."

म्हणून पॅड मला प्राणाहून प्यारं होतं. पुठ्ठ्याच्या पॅडनं खेळणारीकडून कुणी काय अपेक्षा ठेवणार? चेंडू फळ्यावर गेला तर सगळे हसायचे, मीही हसायची आणि पुढचा फटका मारायची. असं हसत हसत एक दिवस माझ्या लक्षात आलं की चेंडू आता फळ्यावर जातच नाहीये. तो मी म्हणेन तिथं जातोय. आफरीनच्या डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, कधी नुसता कंपासपेटीला चाटून पलीकडे. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येत होतं.

आईला मात्र कळलं. सहामाहीच्या आदल्या दिवशी तिनं माझं पॅड हातात घेतलं. ते मधोमध चिरलं होतं.

"हे काय गं? पेपर लिहून पॅड फुटतं का कुणाचं?"

मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मग म्हटलं, "पप्पांना नको सांगू."

"का? रागावणार आहेत होय ते?"

"नाही. टेबल आणतील."

आईनं आमच्या हॉलकडे बघितलं. सोफा, टीव्ही, कोपऱ्यातलं तिकाटणं. मग मान हलवली. "बरोबर आहे. आणतील." आणि संध्याकाळी गुपचूप नवीन पॅड आणून दिलं. दुकानदाराकडून जाड पुठ्ठ्याचं निवडून.

सगळं छान चाललं होतं, पण दिवाळीची सुट्टी संपली आणि एक दिवस मधल्या सुट्टीत खोत मॅडम वर्गात आल्या. खोत मॅडम म्हणजे आमच्या खेळाच्या बाई, चालता चालताही शिट्टी गळ्यात. आम्हाला वाटलं आता बाकं हलवली म्हणून बोलणी बसणार. त्या दारातच थांबल्या, आमचा अख्खा गेम बघितला आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघींची नावं तालुक्याला देते. मुलींमध्ये आपल्या शाळेतनं कुणी उतरतच नाही."

आफरीन म्हणाली, "मॅडम, आम्हाला खरं टीटी येत नाही."

"मग हे काय खोटं आहे? उद्यापासून हॉलमध्ये या."

हॉलमध्ये शाळेचं खरं टेबल होतं आणि दोन बॅटी होत्या, रबर सुटलेल्या. त्यातल्या त्यात बरी होती ती मी घेतली आणि पहिलाच चेंडू छताला लागला. पुठ्ठ्यावर चेंडू मुकाट्यानं जायचा. रबरावर पडला की त्याच्या अंगात यायचं.

"सवय नाही," मॅडम म्हणाल्या. "स्वतःची बॅट आण आणि रोज सराव कर. साधी चालेल, पण रबर धड असलेली. पॅडवर स्पर्धा घेत नाहीत बाई."

आफरीनला मामेभावानं बॅट दिली. माझा मामेभाऊ बेळगावला, आणि तो फक्त मोबाइलवर क्रिकेट खेळतो. मी आईला धरलं.

"तू आण ना. पॅडसारखं. गुपचूप."

"पॅड वेगळं," आई म्हणाली. ती चपात्या लाटत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "हे त्यांनाच सांग."

"अगं पण ते..."

"काय करतील? सामान आणतील. मारणार आहेत का? तोंड आहे ना तुला, अट घाल. पण विचार त्यांनाच. माझ्या हातनं नको."

रविवारी पप्पा पोहे खात होते तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. बसले नाही. बसलं असतं तर धीर सुटला असता.

"पप्पा, मला एक वस्तू पाहिजे. पण अटी आहेत."

पप्पांचे डोळे चमकले. खरंच चमकतात त्यांचे, 'वस्तू' म्हटलं की. "बोल."

"एकच घ्यायची. साधी घ्यायची. आणि तिच्याबरोबर दुसरं काहीसुद्धा घ्यायचं नाही."

"काय वस्तू?"

"टेबल टेनिसची बॅट."

"तू टेबल टेनिस खेळतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

पप्पांनी चमचा बशीत ठेवला. कॅलेंडर समोरच होतं, नोव्हेंबरचं. त्यांनी तिकडे बघितलं. "म्हणजे सहा महिने होत आले. मला नाही बोललीस ते."

आतून आईनं कुकरची शिट्टी उगाचच काढून परत बसवली.

"चांगली खेळतेस?" पप्पांनी विचारलं.

आता या प्रश्नाला मुलींनी काय म्हणायचं असतं, तर 'बरी', 'तशी ठीक', 'एवढं काही नाही'. मीही जन्मभर तेच म्हणत आलेली. पण तोंडातून आलं, "हो. चांगली खेळते."

पप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग बशी उचलून म्हणाले, "चल. एकच. साधी. शब्द."

स्पोर्ट्सच्या दुकानाचे मालक ओसवालकाका पप्पांना स्कूटर लावतानाच बघून बाहेर आले. देवळातला पुजारी यजमानाला ओळखतो तसं. "या या, बिरनाळे साहेब. बरेच दिवसांनी. आता काय सुरू केलंय ताईंनी?"

"टेबल टेनिस," पप्पा म्हणाले. "एक बॅट दाखवा. साधी."

"बॅट तर दाखवतोच. पण घडीचं टेबल आलंय बघा, दिवाणखान्यात बसतं. आणि हे एकट्यानं सराव करायचं मशीन, आपोआप चेंडू फेकतं. बूट? टीटीचे बूट वेगळे असतात, साहेब, साध्या बुटात पाय मुरगळतो."

पप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. नवीन सून माहेरच्या मिठाईकडे बघते तसे ते त्या मशीनकडे बघत होते. एकदा मशीनचं खोकं उचललं. माझ्याकडे बघितलं. परत ठेवलं. "बॅट," ते म्हणाले.

काकांनी काचेवर बॅटी मांडल्या. मी एकेक हातात घेऊन बघितली. एक मला लगेच कळली, हातात बसली ती. लाल-काळी, काही नखरा नसलेली. "ही."

"छान. मग नेहमीसारख्या दोन बांधू ना साहेब?"

"नाही, एकच," पप्पा घाईनं म्हणाले.

"आणि बरं आठवलं," काका बिलाचं पुस्तक शोधत म्हणाले, "ते स्केट्स घालून बघितले का तुम्ही? नऊ नंबर बसतो का बघून सांगतो म्हणाला होतात. घट्ट असतील तर अजून बदलून देतो. नवेच असतील ना?"

पप्पा एकदम बॅडमिंटनच्या शटलांचं निरीक्षण करायला लागले.

माझा तेव्हा चार नंबर होता. आईचा पाच. नऊ नंबर आमच्या घरात एकाच माणसाचा आहे.

"पप्पा?"

"हं."

"तुम्हाला स्केट्स घेतले होते?"

"तुझ्याबरोबर घेतले. राहू दे आता ते."

"तुम्ही स्केटिंग करणार होता?"

"हळू बोल की," पप्पा म्हणाले. दुकानात आम्ही तिघंच होतो. "तू शिकलीस की तुझ्याकडून शिकू म्हटलं. तू तर महिनाभरही टिकली नाहीस."

"मग तुम्ही एकटे जायचं."

"एकटा? रिंकवर सगळी एवढी एवढी पोरं. त्यांच्यात हा टक्कल पडलेला माणूस चाकांवर धडपडणार? गिरणीतलं कुणी बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं त्यांना. तू असतीस तर कसं, पडलो तरी पोरीला शिकवायला आलोय असं म्हणता आलं असतं."

"तुम्हाला येत नसताना?"

"म्हणायला काय जातंय."

ओसवालकाका खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते.

"आणि कॅनव्हास? तोही..."

"ब्रश दोन संच आणलेले," पप्पा म्हणाले. "मी शाळेत असताना घोडे काढायचो. बरे यायचे. तू सुरू करशील, मग मीही बाजूला उभा राहून... पण तू सुरूच केलं नाहीस."

आई गं. मी त्या कॅनव्हाससमोर उभी राहून घाबरत होते आणि हा माणूस दाराआड उभा राहून माझी वाट बघत होता. आणि आमच्या दोघांच्या मध्ये एवढं सामान होतं की दिसायला काही जागाच नव्हती.

"काका," मी म्हटलं, "दोन द्या."

"नाही," पप्पा म्हणाले. "एकच. शब्द दिलाय मी."

"अट माझी होती. मीच मोडते."

"अशी मोडायची नसते अट. मग उद्या टेबल, परवा मशीन. मला मी माहीत आहे." आणि खरंच, ते इतके गंभीरपणे म्हणाले की मला हसूच आवरेना.

"काका, तुम्ही सांगा. एका बॅटीनं काय खेळतात?"

ओसवालकाका ड्रॉवरमधून वर आले. दुकानदार माणूस, पण क्षणभर त्यांनाही विकायचं सुचलं नाही. "एका बॅटीनं भिंतीशी खेळतात, ताई," ते म्हणाले.

"मग भिंतीशी नको," मी पप्पांना म्हटलं. "तुम्ही या."

त्या दिवशी आम्ही दोन बॅटी घेऊन घरी आलो. तिसरी वस्तू एकच, एक चेंडू, तोही काकांनी फुकट दिला आणि पप्पांनी माझी परवानगी घेऊन खिशात टाकला.

आमच्या जेवणाच्या टेबलावर आईनं दोन डबे ठेवले आणि जुन्या साडीचा काठ ताणून बांधला. पप्पांनी आधी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या पाटलांना दिसायला नको.

मग काय सांगू. पप्पांइतकं वाईट टेबल टेनिस मी आजपर्यंत बघितलेलं नाही, आणि मी आमच्या शाळेतले नवशिके सगळे बघितलेत. पहिला चेंडू देव्हाऱ्यात गेला. दुसरा आमटीत. चेंडू आला की पप्पा डोळे मिटायचे. सर्व्हिस करताना चेंडू वर टाकायचे आणि बॅट फिरवायचे, पण दोघांची भेट होईना.

"ह्या बॅटीचं रबर जरा..." पप्पा म्हणाले.

"पप्पा, दोन्ही बॅटी सारख्याच आहेत."

"मग माझा शर्ट घट्ट होतोय."

आई ओट्याला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अहो, तुम्ही खरेदीतच बरे होता."

पप्पाही हसले. मग म्हणाले, "प्रणू, हात कसा धरायचा ते परत दाखव."

मी दाखवलं. मी पप्पांना काहीतरी दाखवलं, हे कसं वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जरा उंच झाल्यासारखं वाटतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी गिरणीतून आले की चहाआधी गेम. रोज हरायचे. हळूहळू चेंडू देव्हाऱ्याकडे जायचा थांबला. एके दिवशी आईनं उकडतंय म्हणून खिडकी उघडली, तर पप्पा विसरूनच गेले लावायला. समोरून पाटीलकाका म्हणाले, "काय बिरनाळे, पोरगी धुते वाटतं." पप्पा म्हणाले, "धुते की. या, तुम्हालाही धुवेल."

तालुक्याची स्पर्धा जानेवारीत झाली, हातकणंगल्याला. पप्पांनी रजा टाकली. पहिली फेरी मी जिंकले, आणि खोटं कशाला सांगू, आरामात जिंकले. दुसऱ्या फेरीत एक लांब वेणीची मुलगी आली. तिची सर्व्हिस टेबलाला टेकली की कुठे वळेल काही कळायचं नाही. मी झुंजले, पण हरले. आफरीन आणखी एक फेरी पुढे गेली आणि मी गळा फाटेपर्यंत तिच्यासाठी ओरडले.

बाहेर आले तर पप्पा दिसेनात. मग दिसले. हॉलच्या दारात कुणीतरी खेळाच्या सामानाचं टेबल लावलं होतं, आणि पप्पा त्याच्यासमोर उभे होते. बूट, मनगटपट्ट्या, रबराचे लाल-काळे तुकडे, सगळं चकचकीत मांडलेलं. मी सॅक ओढत तिकडे गेले.

दुकानदार अगदी रंगात आला होता. "साहेब, मी तुमच्या मुलीची मॅच बघितली. मुलगी खेळते चांगली, सर्व्हिसमध्ये मार खाल्ला. हे रबर लावा तिच्या बॅटला. चेंडू असा गरकन फिरेल की समोरची बघतच राहील."

"रबरानं फिरेल?" पप्पांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग माझाही फिरेल का?"

"तुम्ही खेळता?" दुकानदारानं पप्पांच्या पोटाकडे बघत विचारलं.

आजूबाजूला बरीच गर्दी होती. शाळेशाळेचे मास्तर, आईवडील, वडापाव खाणारी पोरं, आणि ती लांब वेणीची मुलगीसुद्धा.

"खेळतो," पप्पा म्हणाले, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिच्याबरोबर. रोज हरतो. पण आम्ही दोघंही सर्व्हिसमध्येच कच्चे आहोत, ते काय रबरानं जायचं नाही. त्या मुलीनं मनगट कसं फिरवलं बघितलंत का तुम्ही? असं."

आणि पप्पांनी तिथंच, भर गर्दीत, नसलेला चेंडू वर उडवला आणि नसलेली बॅट फिरवली. दोन पोरं हसली. लांब वेणीची मुलगीही हसली. पप्पांचं लक्षच नव्हतं.

"पप्पा, कोपर बाहेर जातंय तुमचं," मी म्हटलं.

"जातंय का?"

"हो. आत घ्या."

त्यांनी कोपर पोटाशी घेतलं, डोळे मोठ्ठे उघडे ठेवले आणि चेंडू पुन्हा वर उडवला.